लॉगचा पाया कोणताही असो: सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर उत्तर काढायची रीत आणि ते चुकतं त्या जागा

साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर लॉगची दोनच बटणं असतात. 'लॉग' म्हणजे १० पायाचा आणि 'एलएन' म्हणजे ई पायाचा, जिथे ई = २.७१८२८... प्रत्यक्षात मात्र पाया काहीही असू शकतो. बँकेतली ठेव किती वर्षांत तिप्पट होईल, हे काढताना पाया १.०७ असतो. यंत्राची घसाऱ्यानंतरची किंमत कधी पाव होईल, हे विचारलं की पाया ०.८५ होतो. स्वरांमधलं अंतर मोजायचं तर पाया २. बडोद्यात हे तिन्ही प्रश्न विचारणारी माणसं एकाच गल्लीत सापडतील, आणि तिघांनाही सूत्र एकच लागतं. चुकाही तिघांच्या जवळपास त्याच असतात. बहुतेक चुका कंसाच्या किंवा क्रमाच्या, म्हणून या लेखात सूत्राला थोडी जागा दिली आहे आणि चुकांना जास्त.

सूत्र, आणि त्याआधीचा अंदाज

'२ पायाचा ५० चा लॉग' म्हणजे २ चा कितवा घात केला की ५० मिळतात. बटणाला हात लावण्याआधी तोंडी बघा: २ चा पाचवा घात ३२, सहावा ६४. म्हणजे उत्तर ५ आणि ६ च्या मध्ये, थोडं ६ कडे झुकलेलं. हा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढच्या निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

आता उत्तराला क्ष म्हणू. २ चा क्षवा घात = ५०. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की घातांक खाली उतरतो: क्ष × लॉग २ = लॉग ५०. म्हणून

क्ष = लॉग ५० ÷ लॉग २ = १.६९८९७ ÷ ०.३०१०३ = ५.६४३८६

एलएन घेतला तरी तेच: ३.९१२०२ ÷ ०.६९३१५ = ५.६४३८६. कोणतं बटण वापरायचं हे तुमच्या सोयीवर; अट एवढीच की वर आणि खाली एकच बटण हवं. ज्याचा लॉग काढायचा तो अंशात, पाया छेदात.

'लॉग ५० वजा लॉग २' ही वेगळी गोष्ट आहे. वजाबाकीने ५० ÷ २, म्हणजे २५ चा १० पायाचा लॉग मिळतो. दोन्ही नियम एकाच आठवड्यात शिकवले जात असल्यामुळे मुलांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते.

तुमच्या हातातलं यंत्र कोणत्या पिढीचं?

कॉलेजांत आजही कॅसिओच्या तीन पिढ्या एका बाकावर दिसतात: एमएस, ईएस आणि क्लासविझ. तिघांची बटणं दाबायची रीत वेगळी आहे. शेजाऱ्याचं बघून दाबलेलं बटण म्हणूनच फसवतं.

एमएस (एफएक्स-८२एमएस, एफएक्स-९९१एमएस): दोन ओळींचा पडदा. वर तुम्ही लिहिलेलं, खाली उत्तर. कोणत्याही पायासाठी वेगळं बटण यात नाही, भागाकारच करायचा:

लॉग | ५० | ÷ | लॉग | २ | =

लॉग दाबल्यावर इथे कंस आपोआप उघडत नाही. यंत्र लॉगला लगेच पुढच्या संख्येशी बांधतं, म्हणून वरची ओळ कंसाविना बरोबर चालते. पण याच गुणामुळे अपूर्णांकात दगा होतो. ३ ÷ २ चा एलएन हवा असताना 'एलएन ३ ÷ २' लिहिलं, तर यंत्र आधी एलएन ३ काढतं आणि मग त्याला २ ने भागतं. एमएसवर संख्येच्या जागी गणित लिहायचं असेल तर कंस तुम्हीच घाला: एलएन (३ ÷ २). घाताचं मात्र उलट आहे. 'लॉग २ ^ ३' मध्ये घात आधी होतो आणि लॉग ८ मिळतो.

ईएस (एफएक्स-८२ईएस प्लस, एफएक्स-९९१ईएस प्लस): लॉग दाबलं की पडद्यावर 'लॉग(' असा उघडा कंस येतो. तो बंद करायचं काम तुमचं:

लॉग | ५० | ) | ÷ | लॉग | २ | ) | =

पहिला ) राहिला तर यंत्र तक्रार करत नाही. ते 'लॉग(५० ÷ लॉग(२))' असं समजतं, म्हणजे १६६.१ चा लॉग, आणि २.२२०४ दाखवतं. उत्तर दिसायला अगदी साळसूद असतं. अंदाज ५ ते ६ मधला होता, म्हणूनच ते पकडता येतं.

ईएसवर भागाकार टाळायच्या दोन वाटा आहेत. एक स्वल्पविरामाची: लॉगच्या कंसात आधी पाया, मग स्वल्पविराम, मग संख्या. स्वल्पविराम उजव्या कंसाच्या बटणावर शिफ्टने येतो:

लॉग | २ | शिफ्ट | ) | ५० | ) | =

कंसात एकच संख्या दिली तर यंत्र पाया १० धरतं. दुसरी वाट म्हणजे लॉगच्या पायथ्याशी छोटा काळा चौकोन आणि शेजारी पांढरा चौकोन काढलेलं बटण. ते दाबलं की पडद्यावर दोन रिकाम्या चौकटी येतात. खालच्या छोट्या चौकटीत पाया लिहा, उजवा बाण दाबा, मोठ्या चौकटीत संख्या लिहा, =. बाण विसरलात तर २ च्या पुढेच ५० चिकटतात, पाया २५० होतो, मोठी चौकट रिकामी राहते आणि 'सिंटॅक्स एरर' येतो. हे बटण वहीत लिहितो तशा मांडणीत, म्हणजे मॅथ मोडमध्येच चालतं. कुणी यंत्र लाइन मोडमध्ये टाकून ठेवलं असेल तर शिफ्ट | मोड | १ दाबून परत आणा, नाहीतर स्वल्पविरामाची वाट धरा, ती दोन्हीकडे चालते.

क्लासविझ (एफएक्स-९९१ईएक्स): इथे चौकटीवालं बटणच पुढच्या रांगेत, एलएनच्या शेजारी आलं आहे आणि साधा लॉग मागे गेला आहे. तो ऋण चिन्हाच्या, म्हणजे (−) च्या बटणावर शिफ्टने मिळतो. जुन्या सवयीने लॉग समजून चौकटीवालं बटण दाबलं, तर पहिल्या चौकटीत लिहिलेली संख्या पाया ठरते. बाकी रीत ईएससारखीच.

जुन्या एका ओळीच्या यंत्रांवर, मग ती कॅसिओची असोत की इतर कंपन्यांची, क्रमच उलटा असतो. आधी संख्या, मग लॉग: ५० | लॉग | ÷ | २ | लॉग | =. लॉग दाबताक्षणी पडद्यावरची संख्या बदलली तर यंत्र याच जातीचं.

८ आणि २ ची चाचणी

अनोळखी यंत्रावर, उधार घेतलेल्या फोनवर किंवा परीक्षेच्या संगणकावर खऱ्या प्रश्नाला हात घालण्याआधी २ पायाचा ८ चा लॉग काढून बघा. २ × २ × २ = ८, त्यामुळे उत्तर ३ यायला हवं. या जोडीचा खरा उपयोग ३ न आल्यावर कळतो. प्रत्येक चुकीचा आकडा वेगळा असतो आणि चूक कुठे झाली ते सांगतो.

०.३३३३ आलं (काही पडद्यांवर १/३): क्रम उलटा झाला. तुम्ही ८ पायाचा २ चा लॉग काढलात.

१.४२४५ आलं: पहिला कंस बंद झाला नाही.

०.६०२१ आलं: भागाकाराऐवजी वजाबाकी केली, किंवा लॉगच्या कंसात ८ ÷ २ लिहिलं.

०.९०३१ आलं: हा नुसता १० पायाचा लॉग ८. पाया यंत्रापर्यंत पोचलाच नाही.

६.९०७८ आलं: वर एलएन, खाली लॉग.

१.३०२९ आलं: वर लॉग, खाली एलएन.

नुसतं ३ न येता ३.०० आलं तर काळजी नको. कुणीतरी दशांश स्थळं ठरवून ठेवली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पण ती शून्यावर ठेवली असतील तर पुढच्या प्रश्नात ५.६४ ऐवजी ६ दिसेल. ईएसवर सगळ्या सेटिंग मूळ जागी आणायला शिफ्ट | ९ | ३ | = | एसी. यात मेमरीत साठवलेले आकडेही जातात. कोन अंशात आहे की रेडियनमध्ये, याचा लॉगशी काही संबंध नाही.

चाचणीसाठी १०० आणि १० ही जोडी घेऊ नका. तिथे नुसता लॉग १०० सुद्धा २ च देतो, त्यामुळे पाया विसरल्याचं कळत नाही. १६ आणि ४ सुद्धा नको. १६ ÷ ४ = ४, १६ चं वर्गमूळही ४; सगळीकडे तोच आकडा भेटतो आणि गोंधळ वाढतो.

मोठ्या उत्तराची पडताळणी उलट्या दिशेने करा. ५.६४३८६ पडद्यावर असतानाच २ | घाताचं बटण | आन्स | =. (आन्स म्हणजे मागचं उत्तर पुन्हा आणणारं बटण.) ५० परत मिळायला हवेत. हे करायला चार बटणं पुरतात, आणि परीक्षेत वेळ नसला तरी एवढा वेळ असतो.

ठेव तिप्पट कधी?

७ टक्के व्याज, वर्षातून एकदा चक्रवाढ. दरवर्षी रक्कम १.०७ पट होते, म्हणून पाया १.०७. तिप्पट व्हायला लागणारी वर्षं:

लॉग ३ ÷ लॉग १.०७ = १६.२४

इथे पाया चुकतो. ७ घेतला तर ०.५६ येतं, ०.०७ घेतला तर −०.४१. सहा महिन्यांत तिप्पट देणारी योजना कुणी दाखवली तर सावध व्हायचंच, तसंच इथेही. व्याजदर आणि वाढीचा पट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पाया नेहमी वाढीचा पट असतो.

आपल्याकडे बँका मुदत ठेवीवर साधारणपणे दर तिमाहीला व्याज चढवतात. मग पाया १ + ०.०७ ÷ ४ = १.०१७५ होतो आणि उत्तर वर्षांत न येता तिमाहींत येतं: लॉग ३ ÷ लॉग १.०१७५ = ६३.३३ तिमाही, ४ ने भागून १५.८३ वर्षं. हा ४ चा भागाकार विसरला जातो. दुप्पट व्हायला याच दराने ३९.९५ तिमाही, म्हणजे दहा वर्षांना किंचित कमी.

१ च्या जवळचा पाया आला की मधले आकडे गोल करू नका. लॉग १.०७ = ०.०२९३८४. हा कागदावर ०.०३ लिहिला आणि ०.४७७१ ला त्याने भागलं तर १५.९० येतं. चार महिने इथेच गेले. छेद जितका लहान, तितकी गोल करण्याची किंमत मोठी. सगळं एका ओळीत लिहा, नाहीतर छेद मेमरीत ठेवा. ईएसवर: एलएन | १.०७ | ) | शिफ्ट | आरसीएल | (−). शिफ्ट-आरसीएल म्हणजे साठवा आणि (−) च्या बटणावर ए अक्षर आहे. मग एलएन | ३ | ) | ÷ | अल्फा | (−) | =. दुप्पट, तिप्पट, पाचपट सगळं याच ए वर काढता येतं. क्लासविझवर साठवायचं बटण थेट आहे, शिफ्ट लागत नाही.

९९१ मालिकेत कॅल्क हे बटण आहे आणि ते फार थोडे जण वापरतात. एलएन(क्ष) ÷ एलएन(ए) असं सूत्र एकदा अक्षरांत लिहा, पडद्यावरची अक्षरं अर्थात इंग्रजी, आणि कॅल्क दाबा. यंत्र एकेक अक्षराची किंमत विचारतं आणि उत्तर देतं. दहा ओळींचा तक्ता भरायचा असेल तर यासारखं सुख नाही. ८२ मालिकेत हे बटण नाही.

प्रश्न कधी उलटाही येतो: ९ वर्षांत दुप्पट हवी, तर दर किती? इथे पायाच अज्ञात आहे, म्हणून लॉग नको, मूळ काढायचं. २ चा १/९ वा घात = १.०८००६, म्हणजे ८ टक्क्यांच्या जरा वर. १ ÷ ९ कंसात घाला. कंस नसेल तर यंत्र २ चा पहिला घात करून त्याला ९ ने भागतं आणि ०.२२२२ हातात ठेवतं.

पाया १ पेक्षा लहान

आयकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरतात. दरवर्षी किंमत ०.८५ पट होते. ती पाव कधी होईल?

लॉग ०.२५ ÷ लॉग ०.८५ = ८.५३

दोन्ही लॉग ऋण आहेत, कारण १ पेक्षा लहान संख्येचा लॉग ऋणच येतो. भागाकारात चिन्हं एकमेकांना खातात आणि उत्तर धन मिळतं. −८.५३ आलं असेल तर ०.२५ च्या जागी ४ लिहिले आहेत. संगणकांवर घसारा ४० टक्के, पाया ०.६, आणि पाव किंमत २.७१ वर्षांत. घसारा वर्षअखेरीस एकदम लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात ही उत्तरं पुढच्या पूर्ण वर्षावर न्यावी लागतात: पहिल्यात ९, दुसऱ्यात ३. जवळच्या पूर्णांकावर गोल करण्याचा आणि पुढच्या पूर्णांकावर नेण्याचा फरक २ पायातही येतो. दहा लाख नावांच्या क्रमवार यादीतून दर वेळी निम्मी यादी बाद करत एक नाव शोधायचं, तर २ पायाचा १०,००,००० चा लॉग १९.९३, म्हणजे जास्तीत जास्त २० वेळा. इथे १९.१ आलं असतं तरी २० च धरावे लागले असते.

पाया १ मात्र चालत नाही. लॉग १ शून्य असतो, भागाकार अडतो आणि 'मॅथ एरर' येतो. शून्य किंवा ऋण संख्येचा लॉग मागितला तरी हाच एरर. 'सिंटॅक्स एरर' वेगळा: तिथे गणित ठीक असतं, लिहिण्यात काहीतरी राहिलेलं असतं. डावा किंवा उजवा बाण दाबला की कर्सर थेट चुकीच्या जागी जातो. सगळं पुसून पुन्हा लिहायची गरज नाही.

हार्मोनियमचा गंधार

बडोद्यात १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली. आजच्या विद्यापीठातल्या संगीत शिक्षणाचं मूळ तिथलं. स्वरशास्त्राच्या अभ्यासात स्वरांतर सेंटमध्ये मोजतात. एका सप्तकात १२०० सेंट असतात आणि सप्तक म्हणजे कंपनसंख्या दुप्पट, म्हणून पाया २:

सेंट = १२०० × (२ पायाचा कंपनसंख्यांच्या गुणोत्तराचा लॉग)

षड्ज-पंचम ३ : २. ईएसवर: १२०० | × | एलएन | ३ | ÷ | २ | ) | ÷ | एलएन | २ | ) | =, उत्तर ७०१.९५५. एमएसवर ३ ÷ २ ला कंस न घालता हेच लिहिलं तर ९५०.९८ येतं. हा पंचम राहत नाही, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मध्ये जातो. ज्याला स्वरांची ओळख आहे त्याला ही चूक आकड्यावरूनच खटकेल.

तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ५ : ४. त्याचं उत्तर ३८६.३१. हार्मोनियमवर सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, गंधार चौथा, म्हणजे ४००. फरक १३.७ सेंट. हार्मोनियमचा गंधार चढा वाटतो अशी गाणाऱ्यांची तक्रार असते, ती या एका ओळीत मोजून मिळते.

१० पायाच्या जागा, जिथे घात चुकतो

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांच्या प्रयोगशाळेत किंवा बीएससीच्या प्रात्यक्षिकात पीएच काढताना पाया १० च असतो, त्यामुळे पाया बदलायचा प्रश्नच येत नाही. तिथे वेगळ्या खोड्या असतात. हायड्रोजन आयनांची संहती ३.२ × १०⁻⁵ असेल तर पीएच = −लॉग(३.२ × १०⁻⁵) = ४.४९५.

पहिली खोडी एक्स्प बटणाची, नव्या यंत्रांवर ते १० च्या घाताच्या रूपात छापलेलं असतं. त्या बटणातच 'गुणिले १०' आहे. ३.२ × १० लिहून वर एक्स्प दाबला तर एक दहा जास्तीचा येतो आणि पीएच ३.४९५. नेमका १ चा फरक दिसला की हेच झालंय. दुसरी खोडी एमएसवर: लॉग ३.२ × १० ^ (−)५ कंसाविना लिहिलं तर यंत्र ३.२ चा लॉग काढून त्याला १०⁻⁵ ने गुणतं. उत्तर पाच दशलक्षांशांच्या घरात जातं. एक्स्प वापरला की संपूर्ण संख्या एक मानली जाते आणि कंस लागत नाही. तिसरी: आधीचं उत्तर पडद्यावर असताना वजाबाकीचं − दाबून सुरुवात केली, तर यंत्र 'आन्स −' लिहितं आणि मागचं उत्तर यात मिसळतं. सुरुवातीचं ऋण चिन्ह नेहमी (−) या बटणाने द्या.

नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी देशपातळीवरची सर्वसाधारण मर्यादा पीएच ५.५ ते ९.० अशी आहे. आकड्यांत साडेतीनचा फरक, पण संहतीत १० चा ३.५ वा घात, म्हणजे सुमारे ३१६२ पट. हे उलटं गणित शिफ्ट | लॉग ने होतं, क्लासविझवर शिफ्ट आणि चौकटीवाल्या लॉगने. इतर पायांना उलट्या गणितासाठी वेगळं बटण लागतच नाही, सरळ घात करायचा.

नवरात्रातल्या गरब्याच्या मैदानावर लागतं ते डेसिबलचं गणितही १० पायाचंच. एकसारखा दुसरा स्पीकर लावला की तीव्रता दुप्पट, वाढ १० × लॉग २ = ३.०१ डेसिबल. एलएन दाबला गेला तर ६.९३ येतं, म्हणजे २.३०२५८५ पट. हा आकडा लक्षात असू द्या, एलएन आणि लॉग यांच्यात कुठेही अदलाबदल झाली की उत्तर याच पटीने चुकतं. रसायनशास्त्राच्या सूत्रांतला २.३०३ म्हणजेच हा. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. दहाचा फरक म्हणजे रात्री तीव्रता दिवसाच्या एक दशांश.

लॉग टेबल आणि कॅल्क्युलेटर यांचं भांडण

सीबीएसईच्या बारावीला आणि जेईई मेनला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे मुलं टेबलवर शिकतात आणि घरी यंत्रावर ताळा करतात. ताळा जुळत नाही तो ०.००३२ सारख्या संख्यांना. टेबल सांगतं: पूर्णांश ३ वर बार, अपूर्णांश .५०५१. यंत्र दाखवतं −२.४९४९. दोन्ही बरोबर आहेत. बार फक्त ३ वर आहे, म्हणजे −३ + ०.५०५१ = −२.४९४९. टेबलचा अपूर्णांश नेहमी धन ठेवतात, यंत्र संपूर्ण संख्येलाच ऋण चिन्ह देतं.

उलट जाताना हे महागात पडतं. यंत्रावरचं −२.४९४९ टेबलात शोधायला .४९४९ च्या रांगेत जाऊ नका. आधी त्यात ३ मिळवा, ०.५०५१ आला की तो शोधा, पूर्णांश बार ३.

फोन, परीक्षेचा संगणक आणि एक्सेल

आयफोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये सायंटिफिक मांडणी फोन आडवा धरला की येते. तिथे 'सेकंड' बटण दाबलं की एलएनच्या जागी कोणत्याही पायाचा आणि लॉगच्या जागी २ पायाचा लॉग येतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांवर फक्त लॉग आणि एलएन असतात, तिथे भागाकार.

गेट या इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत स्वतःचं यंत्र नेता येत नाही, पडद्यावरचं वापरावं लागतं. त्यावर २ पायाचा आणि कोणत्याही पायाचा लॉग अशी दोन्ही बटणं आहेत, पण क्रम जुन्या यंत्रांसारखा: संख्या आधी, बटण नंतर. कॅसिओवर चार वर्षं घासलेला हात तिथे अडखळतो. १८९० च्या कलाभवनाचा वारसा सांगणाऱ्या बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलंही याला अपवाद नसणार. सरावासाठी मिळणाऱ्या पडद्यावर ८ आणि २ टाकून बघा. ३ आलं तर क्रम जमला, ०.३३३३ आलं तर उलटा करा.

एक्सेलमध्ये लॉगच्या सूत्रात आधी संख्या, मग पाया. कॅसिओच्या बरोबर उलट. पाया दिला नाही तर १०. पायथन भाषेतल्या लॉगलाही आधी संख्या लागते, पण पाया दिला नाही तर तो ई धरतो. तिथे १० पायाचा १००० चा लॉग काढला तर ३ ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ मिळतो, आणि पुढे अपूर्णांक छाटला तर हातात २ येतात. १० आणि २ या पायांसाठी तिथे स्वतंत्र फंक्शनं आहेत, ती वापरावीत.

लॉगचं बटणच नसेल तर

दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर वर्गमुळाचं बटण असलं तरी काम भागतं. ५० लिहा, वर्गमूळ ११ वेळा दाबा, १ वजा करा आणि आलेला आकडा लिहून ठेवा: सुमारे ०.००१९१२०. २ लिहून हेच करा: सुमारे ०.०००३३८५. पहिल्याला दुसऱ्याने भागा: ५.६५. खरं उत्तर ५.६४३८६.

हे चालतं, कारण १ च्या अगदी जवळच्या संख्येतून १ वजा केलं की तिच्या एलएनइतकंच उरतं, आणि वर्गमूळ काढताना एलएन दर वेळी निम्मा होतो. दोन्ही संख्यांना बटण सारख्याच वेळा दाबलं असल्यामुळे ते निम्मं होणं भागाकारात निघून जातं. एक दाब इकडे-तिकडे झाला तर उत्तर थेट दुप्पट किंवा निम्मं येतं, तेव्हा मोजून दाबा.

११ पेक्षा जास्त दाबलं तर उत्तर सुधारतं, पण पडद्यावर आकडे पुरेसे हवेत. १२ आकडी यंत्रावर १५ वेळा दाबून ५.६४४१ पर्यंत पोचता येतं. ८ आकडी यंत्रावर ११ च्या पुढे जाण्यात फायदा नाही. तिथे १.०००० नंतरचे उपयोगाचे अंक दोन-तीनच उरतात आणि भागाकार बिघडायला लागतो.